एका चालीचा खेळ किती लहान असतो?

पेट पास झालात, कोर्सवर्क सुरू झालं, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिली खरी अडचण कुठे येते माहितीये? विषय निवडताना नाही. "तुम्ही नक्की कशाचा अभ्यास करणार? म्हणजे एक नग कोणता?" या प्रश्नापाशी. कवितेवर काम करणाऱ्याला वाटतं, सोपं आहे, एक कविता म्हणजे एक नग. मग कमिटीतले एखादे सर चष्मा वर करून विचारतात, "कविता, की कवितासंग्रह?" आणि खोलीत शांतता.

माझं काम संगणकावरच्या मजकुराच्या खेळांवर आहे. शब्दकोडी नव्हेत. यात चित्र नसतं, बहुतेकदा आवाजही नसतो. पडद्यावर मजकूर येतो आणि पुढे काय घडावं हे तुम्ही काहीतरी टाइप करून किंवा लिंकवर क्लिक करून ठरवता. इंग्रजीत याला इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. आजची पोस्ट यातल्या छोट्या खेळांच्या संग्रहांबद्दल आहे. समीक्षा आहे, पण तुम्ही रिसर्चची तयारी करताय म्हणून ती करताना पद्धत कशी ठरवावी लागते हेही सोबत सांगत जाणार आहे. विषय तुमच्या कामाचा नसला तरी वाचा. एकांकिका महोत्सव, लघुकथांचा दिवाळी अंक, शॉर्ट फिल्मची स्पर्धा, यांतल्या कशावरही काम करणार असाल तर हाच पेच तुमच्याही वाट्याला येणार आहे.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन मोठे प्रकार. पहिला पार्सरचा. तुम्ही ‘टेक लॅम्प’, ‘गो नॉर्थ’ अशा आज्ञा टाइप करता आणि पार्सर नावाचा प्रोग्रॅमचा भाग त्या समजून घ्यायचा प्रयत्न करतो. बऱ्याचदा त्याला समजत नाही, आणि तो तसं तोंडावर सांगतो. दुसरा लिंकांचा. यासाठी ट्वाइन नावाचं मोफत साधन फार वापरलं जातं, ते ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये आणलं. ट्वाइनमध्ये टाइप करायचं नसतं, परिच्छेदातल्या शब्दांवर क्लिक करायचं असतं, आणि बनवायला प्रोग्रॅमिंग जवळपास लागत नाही.

आता लहानपणाकडे येऊ.

‘छोटा खेळ’ असं आपण सहज म्हणतो, पण छोटा कशाने? मी वाचत-खेळत गेले तसं लक्षात यायला लागलं की इथे तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरात आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. एक चालींची. सॅम बार्लो यांचा ‘आइल’ हा १९९९ सालचा खेळ एका चालीत संपतो. दुसरी वेळेची. अ‍ॅना अँथ्रोपी यांचा २०१३ सालचा ‘क्वीअर्स इन लव्ह अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ दहा सेकंदांत संपतो, समोर घड्याळ उलटं पळत असतं. तिसरी शब्दांची. २०१५ मध्ये पॉरपेंटाइन या लेखिकेने ‘ट्वायनी जॅम’ भरवला, त्यात ट्वाइनचा खेळ ३०० शब्दांच्या आत बसवायचा होता. तिन्ही ‘छोटे’. पण एकाच रकान्यात ‘लघु’ असं लिहून तिन्ही टाकलेत तर तुमचा तक्ता तिथेच खोटा पडतो, कारण या तीन लहानपणांतून वाचण्याच्या तीन वेगळ्या रीती निघतात.

‘आइल’ घ्या. गुरुवारची रात्र, दमलेला एक माणूस सुपरमार्केटमध्ये पास्त्याच्या रांगेत उभा आहे. समोर न्योकीची पाकिटं. काही अंतरावर एक बाई ट्रॉली घेऊन. तुम्हाला एकच आज्ञा द्यायची आहे. ती दिली की दोन-चार ओळींचा मजकूर येतो आणि खेळ संपतो. मग पुन्हा तीच रात्र, तीच रांग.

(न्योकी म्हणजे काय हे मला शोधावं लागलं. बटाटा आणि मैद्याचे छोटे गोळे, पास्त्यासारखे उकडून खातात. हे मुद्दाम सांगतेय. त्याचं कारण पुढे येईल.)

शंभराहून जास्त आज्ञांना यात वेगळं उत्तर आहे. माणूस न्योकी उचलतो, बाईशी बोलतो, रडतो, ओरडतो, निघून जातो. या तुकड्यांतून रोमची एक सहल आणि क्लेअर नावाची एक स्त्री पुढे येते. आता मजा अशी की ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. क्लेअरचं काय झालं हे शेवटागणिक बदलतं. एका चालीत हा माणूस बिचारा वाटतो, दुसऱ्या चालीत त्याच्याजवळ उभं राहायची भीती वाटते. सुरुवातीलाच खेळ सांगून टाकतो की गोष्टी अनेक आहेत आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या नाहीत.

म्हणजे एका चालीचा खेळ, पण खेळायला एक अख्खी संध्याकाळ जाते. तुम्ही ‘आइल’ एकदा खेळून बंद केलात तर तुम्ही तो खेळलाच नाहीत. पंचवीस वेळा खेळलात की मग त्याचा आकार दिसायला लागतो, आणि तो आकार संग्रहाचा आहे. एकाच लेखकाने, एकाच क्षणावर रचलेल्या शंभर छोट्या खेळांचा संग्रह. माझ्या मते ‘आइल’चं खरं यश या विसंगतीत आहे. निक माँटफर्ट यांनी ‘ट्विस्टी लिटल पॅसेजेस’ या २००३ च्या पुस्तकात या सगळ्या प्रकाराचं नातं कोड्याशी, आपल्या भाषेत उखाण्याशी, जोडलं आहे. जुन्या पार्सर खेळांना ते चपखल बसतं: उत्तर सापडलं की गाठ सुटते. ‘आइल’मध्ये उत्तर दर वेळी सापडतं आणि गाठ दर वेळी आणखी बसते. आजीने घातलेल्या उखाण्याला शंभर उत्तरं निघाली आणि आजीने प्रत्येक उत्तराला मान डोलावली, असं काहीसं. बार्लो यांनी पुढे २०१५ मध्ये ‘हर स्टोरी’ काढला, त्यात शब्द शोधून मुलाखतीचे व्हिडिओ तुकडे गोळा करायचे असतात. ‘आइल’ खेळलेल्याला तो खेळ ओळखीचा वाटतो.

आता ज्या संग्रहासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो: ‘अपोलो १८+२०’, २०१२ साली आलेला.

याची पार्श्वभूमी मजेशीर आहे. ‘दे माइट बी जायंट्स’ या अमेरिकी बँडचा ‘अपोलो १८’ हा अल्बम १९९२ चा. त्यातलं ‘फिंगरटिप्स’ हे एक गाणं म्हणजे काही सेकंदांच्या एकवीस तुकड्यांची माळ. सीडीवर हे एकवीस तुकडे वेगवेगळे ट्रॅक म्हणून टाकले होते आणि सीडीसोबतच्या पुस्तिकेत सुचवलं होतं की ही मांडणी शफल मोडला पूरक आहे. म्हणजे तुम्ही शफल लावलंत की मोठ्या गाण्यांच्या मधेमधे हे तुकडे येऊन आदळणार. सतरा गाणी आणि एकवीस तुकडे मिळून अडतीस ट्रॅक. अठरा अधिक वीसही अडतीसच, आणि १९९२ अधिक वीस म्हणजे २०१२. केविन जॅक्सन-मीड यांनी वीस वर्षांच्या निमित्ताने वेगवेगळ्या लेखकांकडून प्रत्येक ट्रॅकचा एक खेळ करून घेतला. गाण्यांचे खेळ छोटे. ‘फिंगरटिप्स’च्या तुकड्यांचे खेळ एका चालीचे.

यात रायन व्हीडर, जेनी पोलोडना, कार्ल मकनहाउप्ट असे त्या वर्तुळात नावाजलेले लेखक आहेत. ‘आय पॅलिंड्रोम आय’ या गाण्याचा खेळ वर उल्लेख आलेल्या माँटफर्ट यांनी केला. (ते शीर्षक शब्दागणिक उलटसुलट सारखंच वाचलं जातं. आपल्याकडचं ‘चिमा काय कामाची’ अक्षरागणिक तसं.) या शेवटच्या नावापाशी जरा थांबा. ज्या माणसाने या क्षेत्रावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं, तोच संग्रहात एक खेळ घेऊन बसला आहे. साहित्य शाखेतून येणाऱ्यांना हे खटकतं, आपल्याकडे समीक्षकाने कविता केली की लोक कौतुकापेक्षा संशयानेच बघतात. इथे मात्र बनवणारे आणि अभ्यासणारे एकाच पंगतीला असतात. याचा फायदा असा की लिखाणात नेमकेपणा येतो. तोटा असा की लोक एकमेकांबद्दल फार सौम्य लिहितात, आणि तुम्ही ते लिखाण संदर्भ म्हणून वापरणार असाल तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

संग्रह म्हणून ‘अपोलो १८+२०’ कसा आहे? मला तो आवडतो, पण सलग खेळायला नाही. यादीच्या क्रमाने गेलात तर एकवीस एकचाली खेळ ओळीने येतात आणि साताठांनंतर बोटं यंत्रासारखी चालायला लागतात. एक आज्ञा, एक गंमत, संपलं, पुढचा. यातले बरेच खेळ विनोदाच्या अंगाने जातात, आणि विनोद असा घाऊक भावात मिळाला की त्याची चव जाते. बँडने सांगितलं तसं शफल करून खेळलात तर तेच खेळ वेगळे होतात. एखाद्या मोठ्या खेळात अर्धा तास अडकून बाहेर पडलात की मधला एकचाली खेळ श्वास सोडल्यासारखा वाटतो. खेळ तोच, पण आधी काय खेळलात यावरून त्याची लांबी बदलते.

पद्धतीच्या तासाला ज्याला ‘क्रमाचा परिणाम’ म्हणतात तो हाच. मजकुराच्या खेळांची इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन ही वार्षिक स्पर्धा १९९५ पासून चालू आहे. तिथे परीक्षकाने एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास खेळून गुण द्यायचे असतात, आणि परीक्षकाला यादी स्वतःसाठी विस्कटून घेता येते, म्हणजे यादीत वर असलेल्या खेळांनाच ताजी नजर मिळाली असं होत नाही. खेळाडूंनी आपापसात शोधलेली ही साधी तोड आहे. तुम्ही एकट्याने चाळीस कृती वाचणार असाल तर तुमच्याकडे परीक्षकांची फौज नसते, पण तुम्ही निदान कोणत्या क्रमाने वाचल्यात हे लिहून ठेवू शकता. आणि चार-पाच कृती महिन्याभराने पुन्हा, वेगळ्या जागी ठेवून, वाचू शकता. माझ्या तक्त्यात ‘आधी काय खेळले’ असा रकाना आहे. गाईडनी तो पाहून आधी भुवया उंचावल्या. आता तेच तो बाकीच्यांना दाखवतात.

संग्रहाचा दुसरा परिणाम याहून खोल आहे. पार्सर खेळाडूला घडवतो. पहिल्या खेळात तुम्ही अख्खी वाक्यं टाइप करता, पार्सरला ती कळत नाहीत. दहाव्या खेळापर्यंत तुम्ही त्याच्या भाषेत बोलायला लागता: दोन शब्द, आधी क्रियापद, मग वस्तू. तेव्हा पहिल्या खेळाला तुम्ही ‘कठीण’ असा शेरा दिला आणि तिसाव्याला ‘सुटसुटीत’, तर तो शेरा खेळांबद्दल किती आणि तुमच्याबद्दल किती?

इथे न्योकीकडे परत येते. मराठीत आपण ‘दिवा घे’ म्हणतो. वस्तू आधी, क्रिया नंतर. पार्सरला ‘घे दिवा’ हा क्रम हवा असतो आणि तोही इंग्रजीत. शिवाय त्याचे लेखक ज्या शब्दांची अपेक्षा धरतात ते त्यांच्या घरातले, त्यांच्या दुकानातले असतात. ‘आइल’ लिहिणाऱ्याला न्योकी ही ओळखीची वस्तू वाटते, खाण्याच्या पाकिटांतलं एक पाकीट. लातूर किंवा सावंतवाडीच्या वाचकाला तो परका शब्द आधी डोळ्यांत भरतो आणि त्याला वाटतं, यात काहीतरी गुपित आहे. तो चार चाली न्योकीवरच घालवतो. हे चुकीचं वाचन आहे का? मला तसं वाटत नाही. ते एका विशिष्ट जागेवरून केलेलं वाचन आहे, आणि तुमच्या प्रबंधात त्याची नोंद असली पाहिजे. या क्षेत्रातलं बहुतेक लिखाण गृहीत धरतं की खेळाडूला इंग्रजी घरच्यासारखी येते. तुम्हाला ती शाळेतून आली असेल तर तुमच्याकडे एक असं निरीक्षण आहे जे त्यांच्याकडे असू शकत नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधकाची मर्यादा’ या मथळ्याखाली ते लपवू नका.

या निरीक्षणासाठी पुरावा कसा गोळा करायचा? बहुतेक पार्सर खेळांत ‘स्क्रिप्ट’ किंवा ‘ट्रान्सक्रिप्ट’ अशी आज्ञा दिली की तुमचा खेळ, तुमच्या प्रत्येक फसलेल्या आज्ञेसकट, एका फाइलमध्ये उतरतो. पहिल्या चालीआधी ती आज्ञा द्या. परीक्षणं नंतर वाचा. पहिली आज्ञा कोरी असायला हवी, ती पुन्हा कधी मिळत नाही. आणि नोंद करताना ‘खेळाडूने असं केलं’ असं लिहू नका. खेळाडू तुम्हीच आहात. याचा चांगला नमुना बघायचा असेल तर मेरिट कोपस यांनी संपादित केलेलं ‘व्हिडिओगेम्स फॉर ह्यूमन्स’ हे २०१५ चं पुस्तक बघा. त्यात वेगवेगळे लोक एकेक ट्वाइन खेळ खेळतात आणि खेळातल्या मजकुराशेजारीच आपल्या मनात काय चाललंय ते लिहीत जातात. शास्त्रीय पद्धत म्हणून ते ढिलं आहे, पण वाचन म्हणून फार प्रामाणिक.

ट्वाइनच्या खेळांत आणखी एक मोह असतो. ट्वाइनचा खेळ म्हणजे एक एचटीएमएल फाइल. ती परत ट्वाइनमध्ये घातली तर सगळे परिच्छेद, सगळे रस्ते एका नकाशावर दिसतात. न खेळता सगळं वाचता येतं. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ या १९९७ च्या पुस्तकात यासाठी दोन शब्द वापरले: कृतीत साठवलेला मजकूर म्हणजे टेक्स्टॉन, आणि वाचकासमोर प्रत्यक्षात आलेला मजकूर म्हणजे स्क्रिप्टॉन. परीक्षेला हे पाठ करायचे शब्द म्हणून येतात, म्हणून रुक्ष वाटतात. पण दहा सेकंदांच्या खेळात त्यांचा अर्थ लख्ख कळतो.

अँथ्रोपी यांच्या खेळात जगाचा शेवट आलेला आहे, प्रेयसी समोर आहे, दहा सेकंद आहेत. मिठीत घ्यायचं, हात धरायचा, काही बोलायचं, प्रत्येक शब्दामागे आणखी शब्द उघडतात. वाचायला जितका वेळ लागतो तितकाही तुमच्याकडे नाही. तुम्ही अर्ध्या वाक्यावर असताना सगळं पुसलं जातं. पुन्हा सुरू करता, या वेळी न वाचता क्लिक करत सुटता, जास्त दूर पोचता, आणि लक्षात येतं की आपण आत्ता जे केलं त्यात प्रेम कमी आणि घाई जास्त होती. टेक्स्टॉन फाइलमध्ये निवांत पडलेले आहेत, वाटलं तर तुम्ही चहा घेत ते सगळे वाचू शकता. पण तसं वाचलंत तर तुम्ही या खेळाबद्दल एकही खरं वाक्य लिहू शकणार नाही, कारण खेळ आहे तो न वाचता आलेल्या भागात. म्हणून माझा क्रम असा: आधी खेळ, मग पुन्हा खेळ, मग नोंद, आणि अगदी शेवटी फाइल उघडणं. फाइल उघडायचीच नाही असं म्हणणारेही आहेत. मला ते सोवळं वाटतं.

या तीन मोजपट्ट्यांत शब्दांची मोजपट्टी सगळ्यांत सौम्य दिसते आणि तिथेच मला सर्वांत जास्त मिळालं. ३०० शब्द म्हणजे या पोस्टचा एक छोटासा भाग. इतक्यात गोष्ट सांगायची तर लेखकाला फाटे कमी करावे लागतात किंवा प्रत्येक फाट्यावर दोनच शब्द ठेवावे लागतात. ज्यांच्याकडे वेळ नाही, पैसा नाही, स्टुडिओ नाही, नोकरी करून रात्री एखादा तास मिळतो, त्यांना ३०० शब्द परवडतात. ट्वाइनभोवती क्वीअर आणि ट्रान्स लेखक मोठ्या संख्येने जमले त्यामागे हे एक कारण आहे, असं मी मानते. इथे मात्र जपून. हे खेळ एकगठ्ठा उतरवून घेऊन त्यांवर शब्दगणना चालवणं आज अगदी सोपं आहे आणि त्यातून झकास आलेखही निघतात. पण त्यातले कित्येक खेळ कुणीतरी चार मित्रांसाठी, स्वतःच्या शरीराबद्दल, स्वतःच्या घराबद्दल लिहिलेले असतात. ‘डेटासेट’ म्हणायच्या आधी प्रत्येक खेळ एकदा तरी हाताने खेळा. मग म्हणावंसं वाटलं तर म्हणा.

आणि आता मराठीचा प्रश्न, जो मला गेले कित्येक दिवस सोडत नाहीये. ट्वाइनमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते. तेव्हा ३०० शब्दांचा मराठी खेळ करायला तांत्रिक अडचण नाही. अडचण व्याकरणाची आहे. हे खेळ ‘यू’ला उद्देशून लिहिलेले असतात आणि इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही, वय नाही, मान नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. तू की तुम्ही? तू म्हटलं तर ‘तू आत जातोस’ की ‘तू आत जातेस’? तुम्ही म्हटलं तर लिंगाचा प्रश्न सुटतो, ‘तुम्ही आत जाता’, पण मग जगाच्या शेवटच्या दहा सेकंदांत प्रेयसीला मिठी मारणाऱ्या व्यक्तीला आपण बँकेच्या फॉर्मच्या भाषेत हाक मारतोय असं होतं.

वाट आहे, आणि ती आपल्याच व्याकरणात आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते कर्माप्रमाणे चालतं. ‘तू तिचा हात धरलास.’ इथला ‘धरलास’ हाताचा आहे, खेळाडूचा नाही. ‘तू तिला मिठी मारलीस.’ ही ‘मारलीस’ मिठीची. ‘तू दार उघडलंस.’ खेळाडू बाई आहे, पुरुष आहे की दोन्ही नाही, हे वाक्य सांगत नाही. आज्ञार्थही सांगत नाही: ‘हात धर’, ‘मिठी मार’. अकर्मक क्रियापद आलं की मात्र पकडले गेलात: ‘तू थांबलास’, ‘तू थांबलीस’. म्हणजे लिंग उघड न करता मराठीत असा खेळ भूतकाळात लिहायचा तर खेळाडूला सतत काहीतरी करत ठेवावं लागेल. त्याला धरता येईल, उघडता येईल, फेकता येईल, पण नुसतं थांबता, रडता, हसता येणार नाही. इंग्रजीत अजिबात नसलेली ही अट आहे आणि तिच्यातून इंग्रजीत होऊच शकणार नाही असा खेळ निघू शकतो. भाषाशास्त्र किंवा स्त्री-अभ्यास केंद्रातलं कुणी विषय शोधत असेल तर हा घ्या, माझ्याकडून मोकळा.

टिकण्याबद्दल दोन शब्द, कारण सिनॉप्सिसमध्ये ‘साधनांची उपलब्धता’ लिहावी लागते. इथे चित्र थोडं अनपेक्षित आहे. ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन’चा पहिला खंड २००६ मध्ये साठ कृतींसह आला, जालावर आणि सीडीवरही. त्यातल्या फ्लॅशवर बनवलेल्या देखण्या कृती २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार बंद झाल्यावर साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. ‘आइल’सारखा काळ्या-पांढऱ्या मजकुराचा खेळ मात्र आजही फोनवर चालतो, कारण तो इन्फोकॉम कंपनीने १९७९ च्या सुमारास आखलेल्या झेड-मशीन या काल्पनिक यंत्रासाठी लिहिलेला आहे आणि ते यंत्र नव्या उपकरणावर पुन्हा उभं करणारे हौशी लोक दर पिढीत निघतात. १९९२ पासून चालणारा आयएफ आर्काइव्ह हे खेळ सांभाळतो. ट्वाइनचे खेळ या दोहोंच्या मधे आहेत. फाइल जिवंत राहते, पण ती जिथे ठेवली होती ती मोफत जागा बंद पडते. म्हणून अभ्यासाला घेतलेल्या प्रत्येक खेळाची फाइल, उतरवल्याची तारीख लिहून, स्वतःकडे ठेवा. दुवा म्हणजे प्रत नव्हे. व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकांनी "दाखवा बरं" म्हटलं तर पडद्यावर काहीतरी उघडायला हवं.

सुरुवात करायची असेल तर ‘आइल’पासून करा. ट्रान्सक्रिप्ट चालू करा, न्योकीला घाबरू नका, पंचवीस चाली होईपर्यंत कुणाचं काही वाचू नका. दुसऱ्या दिवशी ‘अपोलो १८+२०’ मोफत उतरवा, अडतीस चिठ्ठ्या करा आणि रोज तीन उचला. तेरा दिवसांत संपतो.